सरव्याचा हक्क आणि बवाजाची जेवणाची पंगत

सन्माननीय पाळक, पंच आणि बंधुभगिनींनो,

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत हल्ली एक वाक्य सहज बोलले जाते : "धान्य सरकार देते, पेन्शन सरकार देते, मग मंडळीने आणखी काय द्यायचे?" याच्या उलट बोलणारेही आहेत. त्यांच्या मते सरकारी वाटपाने माणसे आळसावली, म्हणून योजना आवरत्या घ्याव्यात आणि गरिबांची काळजी धर्मसंस्थांवर सोपवावी. ही दोन्ही म्हणणी ऐकायला परस्परविरोधी वाटली, तरी दोन्हींमुळे गरिबाच्या पदरचे काहीतरी कमीच होते, आणि पवित्र शास्त्रात दोन्हींना आधार नाही. हेच मला आज मांडायचे आहे.

लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, सरवा म्हणजे कापताना गळालेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळ्यात पडलेली फळे गोळा करू नयेत. ते सारे गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावे. मालकाच्या मर्जीवर सोडलेली ही गोष्ट नव्हती, तो त्या समाजाचा कायदा होता. पवित्र शास्त्रातील रूथ ही परदेशी विधवा बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात शिरली ती याच तरतुदीच्या आधारावर, तरीही तिने कापणाऱ्यांना आधी नम्रपणे विचारले. यापुढे बवाजाने जे केले ते फार बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्याने तिची चौकशी केली, आपल्या गड्यांना तिला त्रास न देण्याची ताकीद दिली, दुपारी तिला सर्वांबरोबर जेवायला बसवले, आणि पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम गाळत जा, असे सांगितले. संध्याकाळी झोडून पाहिले तेव्हा तिच्याजवळ एफाभर, म्हणजे त्या काळच्या एका मोठ्या मापाइतके, सातू होते. कायद्यामुळे रूथ शेतापर्यंत पोहोचली. पण ही परकी बाई कोण, कोणाची, तिच्या घरी कोण उपाशी आहे, हे विचारायला कायदा आला नसता. सरकार आणि मंडळी यांच्या कर्तव्यांचे नाते मला या शेतात दिसते.

राजसत्तेवरही देवाने ही जबाबदारी टाकलेली आहे. स्तोत्र ७२ मध्ये राजासाठी जी प्रार्थना आहे, तिच्यात दीनांचा न्याय आणि गरजवंतांचा बचाव हीच त्याच्या राज्याची कसोटी सांगितली आहे, आणि यिर्मया संदेष्ट्याने योशीया राजाची थोरवी सांगितली ती त्याने गरिबांचा न्याय केला म्हणून. तेव्हा २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थ्याला माणशी मिळणाऱ्या पाच किलो धान्याकडे पाहून ख्रिस्ती माणसाने नाक मुरडू नये. "जो काम करीत नाही त्याने खाऊ नये," हे प्रेषित पौलाचे वचन येथे हटकून पुढे केले जाते. परंतु पौलाने ते काम करायची इच्छाच नसलेल्यांना उद्देशून लिहिले. आपल्या राज्यात १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला सरकारी दुष्काळी कामांवर उभी राहिली. त्या माणसांनी सरकारकडे काम मागितले होते, आणि त्यातूनच १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. गरिबाला आळशी म्हणण्यापूर्वी हा इतिहास आठवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पंडिता रमाबाईंनी ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडली. त्यांचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. पुढे १८९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल होत होते, त्याबद्दल त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. आपण सेवा करतो म्हणून सरकारला विचारू नये, असे त्यांना वाटले नाही. आणि सरकारला विचारले म्हणजे आपले काम संपले, असेही त्यांनी मानले नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातीचे लाभ मिळत नाहीत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आवाज उठत राहिलाच पाहिजे. परंतु रेशन, निराधारांची पेन्शन आणि रोजगार हमी यांना धर्माची अट नाही, तरीही या योजनांत आपल्याच मंडळीतील बायका मागे राहतात. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, रहिवासाचा दाखला, तलाठ्याच्या अहवालावर मिळणारा उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते, एवढे सारे जमवून तहसीलला जायचे. एक कागद कमी पडला की पुन्हा एस.टी.चे भाडे आणि पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडते. रेशनच्या दुकानात आयुष्यभर खुरपे धरलेल्या हाताचा अंगठा मशीन ओळखत नाही, आणि म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत येते. रविवारी हीच बाई आपल्या शेजारी बसून स्तोत्र गाते, दानपेटीत नाणे टाकते, आणि आठवडाभर तिने काय खाल्ले हे आपल्याला ठाऊक नसते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ती ऐकून सात माणसे याच कामावर नेमली, आणि ती सर्वांत चांगल्या नावलौकिकाची होती. आपणही प्रत्येक मंडळीत निदान दोन जाणती माणसे याच कामासाठी नेमावीत. त्यांनी घरोघरी जाऊन कोणाचे नाव यादीत नाही ते पाहावे, अर्ज भरून द्यावेत, तहसीलला सोबत जावे, आणि नियम असूनही काम अडले तर लेखी तक्रार करावी. पेन्शन सुरू होईपर्यंतचे महिने मंडळीने सांभाळायचे, आणि औषधपाणी, एकटेपणा, मुलीच्या शाळेचा खर्च अशा ज्या गोष्टी कोणत्याच योजनेत बसत नाहीत, त्या आपल्या अंगावर घ्यायच्या. हे करताना उपासनेची हजेरी पाहायची नाही आणि शेजाऱ्याचा धर्मही विचारायचा नाही. येशूच्या दाखल्यातील परक्या शोमरोनी माणसाने रस्त्यावर जखमी पडलेल्याला मदत करताना काही विचारले नव्हते.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न येथे रास्त आहे. कापणीच्या सणाला आपण बाजरी, ज्वारी, कोंबड्या, भाजीपाला देवापुढे आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. शेतातून आलेल्या त्या अर्पणावर पहिला हक्क शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्यांचा आहे, असे मी लेवीय पुस्तकाच्या आधारे म्हणतो. इमारतीच्या रंगाला आणि स्पीकरला दुसऱ्या निधीतून पैसे काढता येतील. लिलावातून किती रक्कम जमली, त्यातली किती गरिबांकडे गेली, किती विधवांची प्रकरणे मंजूर झाली आणि किती कोणत्या कागदासाठी अडली आहेत, हे कोणाचेही नाव न घेता वार्षिक सभेत वाचून दाखवावे, असा ठराव पंचांनी येत्या बैठकीत घ्यावा.