थॉमस कोलने चित्रातून काय काय काढून टाकलं

हा काटर्सकिल धबधबा. न्यूयॉर्क राज्यातले कॅट्सकिल डोंगर, दोन टप्प्यांत मिळून साधारण 260 फूट पाणी कोसळतं. 1825 मध्ये चित्रकार थॉमस कोल इथे पहिल्यांदा आला तेव्हा 24 वर्षांचा होता, इंग्लंड सोडून सातच वर्षं झालेली.

आता त्याचं 1826 चं चित्र बघा. लाल-पिवळं जंगल, वर काळे ढग, आणि मधल्या खडकावर एकटा मूळनिवासी माणूस, इतका छोटा की झूम केल्याशिवाय सापडतच नाही. भारी आहे, प्रश्नच नाही. पण तेव्हा इथे पर्यटकांसाठी लाकडी प्लॅटफॉर्म होता, कठडा होता, जवळच 1824 पासून मोठं हॉटेल चालू होतं. कोलने सगळं गाळलं. आणि इथल्या मोहिकन लोकांना तर या खोऱ्यातून आधीच हुसकावलेलं, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

हा त्याचा स्टुडिओ, कॅट्सकिल गावातला. कामाची पद्धत अशी, की डोंगरात भटकायचं, पेन्सिलने भराभर स्केचेस काढायची, आणि घरी आल्यावर लगेच रंगवायला बसायचंच नाही, मुद्दाम थांबायचं. मित्र ड्युरँडला त्याने लिहिलं होतं की बारीकसारीक तपशील मनातून पुसट झाल्याशिवाय चित्र जमत नाही. म्हणजे जे गाळलंय ते घाईत राहून गेलेलं नाही, ठरवून विसरलेलं आहे. मग उरलेल्या आठवणीतून पुढे मोडकं झाड, मध्ये पाणी, मागे धूसर डोंगर अशी मांडणी, युरोपातल्या जुन्या निसर्गचित्रांकडून उचललेली.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा, जागा एकच. डावीकडचं 1837 मध्ये पूर्ण झालेलं: दाट झाडी, संथ ओढा. खरं तर त्याच काळात इथे रेल्वेसाठी झाडं तोडली जात होती, कोल पत्रांत चिडून लिहितही होता, पण चित्रात एकही फांदी तुटलेली नाही. उजवीकडचं 1843 चं. समोर कुऱ्हाड घेतलेला माणूस, पुढची झाडं गायब, आणि लांब पुलाजवळ, हे इथे, धूर सोडणारी गाडी. यावेळी त्याने ती गाळली नाही.

कातडी कमावायला साल हवी म्हणून हेमलॉकची जंगलंही सोलली गेली, संरक्षणाचा कायदा आला 1885 मध्ये. कोल 1848 मध्येच गेला होता.