मिठाहून स्वस्त

एक प्रश्न विचारतो. या महिन्यात मिठाची पुडी कुणी कुणी आणली? सगळ्यांनीच. बरं, युरिया खत किलोला काय भावानं पडतं? मागून कुणी म्हणालं चाळीस. नाही हो! 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, म्हणजे किलोला सहा रुपयेसुद्धा नाहीत. 2022 साली याच गोणीची खरी किंमत दोन हजारांच्या वर गेली होती. वरचे सगळे पैसे सरकारी अनुदानाचे, म्हणजे तुमचे-आमचे. शेतकऱ्याला मदत नको, असं म्हणायला मी उभा नाही. मी शेतकऱ्याच्याच घरचा आहे. पण त्या पैशाचं शेतात काय होतं, ते ऐका.

आमची जमीन शिरूर तालुक्यात. थोरले बंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ती कसतात. मी पुण्यात नोकरी करून निवृत्त झालो, पण कांद्याच्या लागणीला दरवर्षी जातो. एका डिसेंबरात आम्ही दोघं खताच्या दुकानात गेलो. तिथं विक्री नोंदवायला पॉस मशीन असतं, त्यावर आण्णांचा अंगठा उमटेना. चाळीस वर्षं खुरपं धरलेला अंगठा, त्यावर रेघा उरल्यात कुठे? तीनदा पुसला, धुतला. शेवटी दुकानदार मला म्हणाला, "तुम्ही लावा, चालतंय." माझा लगेच उमटला. अंगठा उमटला की अनुदान कंपनीच्या खात्यात जातं. पुण्यातल्या पेन्शनरच्या नावावर युरियाच्या तीन गोण्या निघाल्या, आणि मशीननं विचारलं नाही की बाबा रे, तुझं पीक काय, क्षेत्र किती.

खरं तर आण्णांना युरियाच्या तीन नकोच होत्या. त्यांना दोन युरिया आणि एक पोटॅश हवं होतं. पण युरियाबरोबर साडेचारशेची दुसऱ्या कसल्याशा मालाची बाटली घ्यावीच लागेल, असं दुकानदार म्हणाला. याला खेड्यात 'लिंकिंग' म्हणतात. सरकारची मनाई आहे, तरी चालतं. डीएपी या दुसऱ्या खताची गोणी 1,350 रुपयांना, पोटॅश त्याहून महाग. बाटलीत पैसे गेल्यावर पोटॅश राहिलं आणि तिसरी गोणीही युरियाचीच आली. ती बाटली अजून गोठ्याच्या फळीवर आहे, बूच न उघडलेली.

कांदा काळाभोर हिरवा झाला. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. एप्रिलमध्ये काढला तेव्हा आण्णा एक कांदा हातात घेऊन गप्प बसले. मान जाड. मान वाळत नाही तो कांदा टिकत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आषाढात कांदा साठवायच्या चाळीत हात घातला, तर वरचा थर टणक आणि खाली बोटं आत जायची. तो वास मी विसरलेलो नाही.

आणि ती चाळ? तीही अनुदानावर बांधलेली! कांदा टिकावा म्हणून सरकारनं चाळीला पैसे दिले, आणि तो ज्यानं सडतो त्या खतालाही दिले. माझं भांडण या जोडीशी आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. मग भरभर सांगतो. दुसरी जोडी पाण्याची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत, म्हणजे रात्रभर मोटार चालू. आणि पाणी वाचावं म्हणून अल्पभूधारकाला ठिबकवर 80 टक्के अनुदान. खताच्या बाबतीत मूळ चूक 2010 सालची. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांची खतं अन्नद्रव्याधारित अनुदानात, म्हणजे त्यातल्या अन्नद्रव्याच्या किलोमागे ठरलेल्या अनुदानात आणली, त्यांचे भाव मोकळे केले आणि युरिया तेवढा बाहेर ठेवला. ती खतं महागली, युरिया स्वस्तच राहिला; युरियातलं नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं 4:2:1 हे प्रमाण त्या वेळी मोडलं, ते अजून सावरत नाही.

उपाय असा, की गोणीवरचा पैसा काढून क्षेत्राप्रमाणे खात्यात द्या. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 थेट खात्यात जातातच, क्षेत्र न बघता का होईना. मग शेतकरी माती तपासून पोटॅश घेईल, नाहीतर शेणखत घेईल. युरियाचा भाव हळूहळू, चार-पाच वर्षांत चढवा, एका झटक्यात नाही.

यातली अडचण मला ठाऊक आहे, ती लपवत नाही. आमच्या शेजारचा वाटेकरी. सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. आज त्याचा अंगठा मशीनवर चालतो, स्वस्त गोणी त्याला मिळते. माझ्या योजनेत पैसे मालकाच्या खात्यात जातील आणि वाटेकरी दोन हजारांची गोणी घेईल. म्हणून आधी पीक पाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकाच्या सरकारी नोंदीत, प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे. ते लागेपर्यंत युरियाच्या भावाला हात लावू नका, एवढं मी निक्षून सांगतो.