केळी पिकवणारा वायू आणि ठिबकची नळी

जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल तालुक्यांत केळीच्या बागांमधून चालताना प्रत्येक ओळीच्या बुंध्याशी एक काळी नळी जमिनीवर अंथरलेली दिसते. ठिबक सिंचनाची ही नळी पॉलिथिनची असते. याच बागेतून कापलेल्या हिरव्या घडांच्या फण्या सुट्या करून, धुऊन क्रेटमध्ये भरल्या जातात आणि पिकवण केंद्रात पोहोचतात. तेथे बंद, थंड खोलीत एक रंगहीन वायू सोडला जातो आणि काही दिवसांत सगळी केळी एकसारखी पिवळी होतात. हा वायू म्हणजे इथीन. बाजारात त्याला इथिलीन म्हणतात. काळी नळी ज्या रेणूंपासून घडते, तो रेणूही इथीनच आहे. एकच रेणू एकीकडे फळ पिकवतो आणि दुसरीकडे उन्हातान्हात वर्षानुवर्षे टिकणारी नळी होतो, हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी या चित्रफितीत आपण मुख्यतः दोन कार्बन अणू असलेल्या मोजक्या संयुगांकडेच लक्ष देणार आहोत.

कार्बनचा अणुअंक 6 असून त्याच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन असतात. स्थिर रचना मिळवायची तर हे चार देऊन टाकावे लागतील किंवा आणखी चार मिळवावे लागतील, आणि एवढ्या लहान अणूला या दोन्ही गोष्टी ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाहीत. म्हणून कार्बन शेजारच्या अणूबरोबर इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो. या भागीदारीतून सहसंयुज बंध तयार होतो, आणि कार्बन असे चार बंध करतो. त्यातही विशेष हे, की दोन कार्बन अणूंमधला बंध चांगलाच पक्का असतो. तो तोडायला प्रति मोल सुमारे 347 किलोज्यूल ऊर्जा लागते. सिलिकॉनच्याही बाहेरच्या कवचात चारच इलेक्ट्रॉन आहेत, पण त्याचा अणू मोठा असल्यामुळे दोन सिलिकॉन अणूंमधला बंध कमकुवत पडतो आणि त्याच्या लांब साखळ्या हवापाण्यात टिकत नाहीत. कार्बनच्या टिकतात. एकमेकांना जोडून लांब साखळ्या करण्याच्या कार्बनच्या या मालिकाबंधन शक्तीमुळेच आज लाखो कार्बनी संयुगे आपल्याला माहीत आहेत. अशी संयुगे फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होऊ शकतात, या समजाला जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी 1828 मध्ये धक्का दिला. त्यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला. शेतात पिकाला दिला जातो तोच हा युरिया.

आता पडद्यावरील तीन रेणू पाहावेत. तिन्हींमध्ये कार्बनचे अणू दोनच आहेत. इथेनमध्ये त्यांच्यात एकेरी बंध आहे, इथीनमध्ये दुहेरी आणि इथाइनमध्ये तिहेरी. बंध वाढत जातो तसे अणू एकमेकांच्या जवळ येतात, आणि हायड्रोजनचे अणू सहावरून चारवर व चारवरून दोनवर येतात. दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट मजबूत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो तोडायला सुमारे 614 किलोज्यूल लागतात, म्हणजे 347 च्या दुपटीपेक्षा बरेच कमी. याचा अर्थ असा, की दुसरा बंध पहिल्यापेक्षा कच्चा आहे. त्याचे इलेक्ट्रॉन दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेले असतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या रेणूला ते सहज सापडतात. इथीनचे सगळे कर्तृत्व या कच्च्या बंधात आहे.

फळाच्या बाबतीत हा बंध काय करतो, ते पाहू. इथीन हे वनस्पतींचे स्वतःचे संप्रेरक आहे. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून झाड ते तयार करते. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात आणि त्याला त्या वायूतील इथीन कारणीभूत आहे, हे रशियातील दिमित्री नेल्युबोव्ह यांनी 1901 मध्ये दाखवले. पिकणारे फळ स्वतःच इथीन सोडते, हे सिद्ध व्हायला 1934 साल उजाडले. फळाच्या पेशींमध्ये इथीनला ओळखणारी प्रथिने असतात आणि त्यांच्यात तांब्याचा एक आयन बसलेला असतो. इथीनच्या दुहेरी बंधातील इलेक्ट्रॉन या तांब्याला धरतात आणि पिकण्याची प्रक्रिया सुरू होते. इथेनमध्ये असा बंधच नसल्यामुळे त्याने केळी पिकत नाहीत. पुढे विकरे (एन्झाइम) कामाला लागतात: स्टार्चची साखर होते, हरितद्रव्य मोडल्यामुळे सालीतला पिवळा रंग वर येतो आणि पेशींना एकत्र धरणारे पेक्टिन सैल पडून गर मऊ होतो. कोकणात भाताच्या पेंढ्यात आंब्याची अढी घालतात, तेव्हाही फळातून निघालेला हाच वायू पेंढ्यात कोंडून राहतो. पिकवण केंद्रात तेच काम मोजूनमापून होते. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे खोलीतल्या हवेत इथीनचे प्रमाण दशलक्ष भागांत 100 भागांपर्यंत ठेवता येते. पिकताना फळे भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो साठला की इथीनचा परिणाम मंदावतो, म्हणून खोलीतली हवा ठरावीक वेळाने बदलावी लागते.

याच ठिकाणी कॅल्शियम कार्बाइडबद्दल स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. कार्बाइडला ओलावा लागला की इथाइन, म्हणजे ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथीनची थोडीफार नक्कल करतो आणि सालीला रंग आणतो. परंतु बाजारातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात आणि त्यांचे विषारी वायूही सोबत बाहेर पडतात. म्हणूनच भारतात फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथाइनची खरी जागा वेल्डिंगच्या दुकानात आहे. ऑक्सिजनबरोबर जळताना त्याची ज्योत 3000 अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते आणि पोलाद वितळवते. हा वायू नुसता दाबून भरला तर स्फोट होण्याचा धोका असतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून त्यात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये तो विरघळवून ठेवतात.

पॉलिथिनचा शोध अनपेक्षितपणे लागला. मार्च 1933 मध्ये इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे इथीन आणि बेंझाल्डिहाइड यांची प्रचंड दाबाखाली अभिक्रिया घडवू पाहत होते. अपेक्षित पदार्थ तयार झाला नाही. पात्रात सापडला तो मेणासारखा पांढरा घन पदार्थ. इथीनच्या रेणूंचे कच्चे बंध उघडले होते आणि प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूला एकेरी बंधाने जोडला जाऊन हजारो कार्बन अणूंची साखळी तयार झाली होती. नळीच्या टिकाऊपणाचे उत्तर येथे मिळते. साखळी होताना दुहेरी बंध खर्ची पडतो. मागे उरतात ते केवळ पक्के एकेरी बंध, ज्यांना पाणी, खत, सौम्य आम्ले किंवा जिवाणू सहजासहजी हात लावू शकत नाहीत. उन्हातील अतिनील किरण मात्र या साखळीचे नुकसान करतात. ते अडवण्यासाठी पॉलिथिनमध्ये सुमारे 2 टक्के काजळी मिसळतात, आणि नळीचा काळा रंग या काजळीचाच असतो. नळीला टिकवणारा हा गुण दुधाच्या रिकाम्या पिशवीत मात्र दोष ठरतो, कारण ती उकिरड्यावर तशीच पडून राहते.

दोन कार्बन अणूंचे आणखी एक संयुग ऊस पिकवणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याच्या परिचयाचे आहे. इथेनच्या एका हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा जोडगट बसला की इथेनॉल तयार होते. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरलेल्या मळीत यीस्ट मिसळतात. ते शर्करेच्या रेणूंचे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करते. एक टन मळीपासून सुमारे 225 लिटर इथेनॉल मिळते. ऊर्ध्वपातनाने ते कितीही शुद्ध करू पाहिले, तरी सुमारे 95.6 टक्क्यांवर गाडी अडते, कारण त्या प्रमाणात पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल तर जवळजवळ कोरडे असावे लागते, म्हणून उरलेले पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये अडकवून वेगळे करतात. 2001 मध्ये देशात अशा मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, तेव्हा मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातील दोन ठिकाणे त्यांत होती.

इथेनॉल हवेत उघडे राहिले की जिवाणू त्याचे इथेनॉइक आम्ल करतात. लोणच्यात पडणारे व्हिनेगर म्हणजे या आम्लाचे पाण्यातील विरल द्रावण. हे आम्ल आणि इथेनॉल यांच्या संयोगाने जे ईस्टर तयार होते, त्याचा गोडसर वास नखांचा रंग काढण्याच्या द्रवाला येतो. याउलट इथेनॉलमधला एक कार्बन कमी झाला, तर मिथेनॉल हाती येते. दिसायला आणि वासाला ते इथेनॉलच्या जवळचे असते, परंतु यकृतात त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते. ते प्रथम दृष्टी आणि नंतर प्राणही घेते. 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉल असलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. एका कार्बन अणूच्या फरकाची ही किंमत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्गात सांगायला हवी.

इथेनॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढून घेतला, तर उरते ते पुन्हा इथीन. प्रयोगशाळेत यासाठी संहत सल्फ्युरिक आम्ल आणि सुमारे 170 अंश सेल्सिअस तापमान लागते. उद्योगात इथेनॉलची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवरून, नेतात. ब्राझीलमधील ब्रास्केम ही कंपनी 2010 पासून उसाच्या इथेनॉलपासून इथीन आणि त्यापासून पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर तयार करत आहे. या पॉलिथिनमधला कार्बन उसाने हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे तेवढे खनिज तेल वाचते. मात्र ते उसापासून झाले म्हणून मातीत कुजेल, ही समजूत चुकीची आहे. साखळी तीच, बंध तेच. म्हणून तेलापासून केलेल्या पॉलिथिनप्रमाणेच तेही वेगळे गोळा करून, धुऊन, वितळवून त्याचे पुन्हा दाणे पाडावे लागतात.