उन्हाळ्यातली गाय आणि जीवनसत्त्वांची बाटली

मंडळी, मार्च उजाडला की गोठ्याच्या फळीवर ‘अ, ड३, ई’ लिहिलेली बाटली येते. दूध आटलं की दिवसाचे २० मिली ४० होतात. त्या बाटलीने गाय थंड होत नाही, हे आधी सांगून टाकतो. तिचं काम वेगळं आहे आणि ते नेमकं कळलं तर पैसा वाचतो.

गायीला ताण आहे का, हे नुसता पारा बघून कळत नाही. हवेतल्या ओलाव्यासकट मोजायचा उष्मा-आर्द्रता निर्देशांक असतो. तो ७२ च्या वर गेला की संकरित होल्स्टीनला ताण सुरू झाला असं धरतात. जास्त दुधाच्या गायीला तर ६८ पासूनच. सोलापुरात ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल, तर निर्देशांक येतो ८४. कोकणात ३२ अंश आणि ७० टक्के असेल, तरी तोच ८४! म्हणून ‘आमच्याकडे ऊन कमी’ हे कोकणातल्या गोठ्याने म्हणू नये. गोठ्यात बरगडीकडे बघून श्वास मोजा. मिनिटाला ६० च्या वर गेले की ताण आहे. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०२.५ फॅरनहाइटच्या वर आलं, तर शंका उरत नाही.

धाप लागलेल्या गायीच्या अंगात काय चालतं? भराभर श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरायला मूत्रपिंड बायकार्बोनेट लघवीतून टाकतं. एरवी लाळेतून तेच बायकार्बोनेट पोटात जातं. आता लाळ जमिनीवर गळते. त्यात दुपारी न खाल्लेली गाय संध्याकाळी आंबोणावर तुटून पडते. पोटात आम्ल वाढतं, रवंथ मंदावतं, दुधाची फॅट उतरते. ही फॅट जीवनसत्त्वाने परत येत नाही. त्यासाठी खाण्याचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दोन वेळा विभागून खाद्यात मिसळा. घामातून पोटॅशियमही जातं. एकूण कोरड्या खाद्यात ते दीड टक्क्याच्या आसपास असावं. मात्र व्यायला तीन आठवडे उरलेल्या भाकड (दूध बंद केलेल्या) गायीला सोडा देऊ नका; विताना दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरण्याचा) धोका वाढतो.

मग जीवनसत्त्व कुठे कमी पडतं? गव्हाणीत. उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो आणि कडबा उरतो. उन्हात वाळताना चाऱ्यातलं कॅरोटीन (गाय यापासूनच अ बनवते) आणि ई झपाट्याने नासतं. मुरघासातही ई ताज्या चाऱ्यापेक्षा बरंच कमी. दहा किलो ताजा लसूणघास असेल, तर अ ची गरज भागते आणि ई ची निम्मी-अधिक. लसूणघास मिळत असेल तर बाटलीचा विचार नंतर करा.

गरज किती? दुभत्या गायीला दर किलो वजनामागे रोज अ ११० एकक (लेबलवर IU), ड ३० आणि ई ०.८. म्हणजे ४०० किलोच्या गायीला अ ४४,०००, ड १२,००० आणि ई ३२०. ड ची चिंता कमी, कारण आपल्याकडे ऊन फुकट आहे.

आता लेबल वाचा. समजा, १० मिलीत अ १,२०,००० आणि ई ४८ आहे. ई ची गरज या बाटलीने भागवायची, तर ६७ मिली लागेल आणि त्यातून अ जाईल ८ लाख. चौदा किलो कोरडं खाद्य खाणाऱ्या गायीत ते किलोला ५७,००० झालं. सुरक्षित मर्यादा ६६,००० आहे. वर पशुखाद्यात घातलेलं अ वेगळंच. बाटली दुप्पट करण्यातली चूक ही आहे. आपल्याला बहुधा ई कमी असते आणि आपण अ ओतत राहतो. ई वेगळी पावडर म्हणून घ्या.

ई चं काम सेलेनियम या अगदी थोडं लागणाऱ्या खनिजाबरोबर चालतं. उष्म्याने पेशींत जे ऑक्सिडीकरण (पेशींना इजा करणारी क्रिया) वाढतं, ते ही जोडी आवरते. कासेतल्या पांढऱ्या पेशी जंतू नीट मारतात, व्याल्यावर वार (जार) अडकणं कमी होतं. भाकड काळात ई दुप्पट, म्हणजे ६४० एकक धरा. शेवटच्या तीन आठवड्यांत दर किलो वजनामागे ३ पर्यंत, म्हणजे १,२००. सेलेनियम मात्र दर किलो कोरड्या खाद्यात ०.३ मिलिग्रॅम, त्यापुढे नको. खनिज मिश्रणात ते असेल आणि वर इंजेक्शनही घ्यायचं असेल, तर डॉक्टरला आधी पिशवी दाखवा. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं.

क जीवनसत्त्व गायीचं यकृत स्वतः बनवतं, आणि साधी पावडर खायला घातली तर पोटातले जंतूच ती फस्त करतात. नियासिनची (ब३ जीवनसत्त्व) साधी पावडरही जंतू तशीच फस्त करतात. पोटातून सुरक्षित पुढे जाणारं आवरणयुक्त नियासिन मिळतं. ते त्वचेकडे रक्त वाढवून उष्णता बाहेर टाकायला मदत करतं म्हणतात, पण प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत आणि किंमत मोठी. आधी पंखा घ्या.

साठवणुकीत खूप नुकसान होतं. पत्र्याखाली तापलेल्या खोलीत, खनिज मिश्रणात कालवून ठेवलेलं अ तांबं-लोहाच्या संगतीत लवकर मरतं. महिनाभराचंच आणा, सावलीत घट्ट झाकून ठेवा, खनिजात आयत्या वेळी मिसळा. गरम आंबोणात घालू नका.

आणि वेळ. गाय उलटायला (भरवूनही गाभ न धरता पुन्हा माजावर यायला) लागल्यावर मे महिन्यात ई सुरू केली, तर उशीर झालेला असतो. अंडाशयातल्या बीजाची वाढ दोन-तीन महिने आधीपासून चालते. म्हणूनच जूनमध्ये गारवा आला तरी गायी लगेच गाभ धरत नाहीत. हिरवा चारा संपायच्या आत, फेब्रुवारीत सुरू करा आणि पावसाळी चारा पोटभर मिळेपर्यंत चालू ठेवा. पाणी मात्र दिवसभर सावलीत, दुभत्या गायीला ८० ते १२० लिटर; आणि चाऱ्याचे दोन तृतीयांश रात्री नऊ ते पहाटे पाचच्या दरम्यान.