विस्थापन म्हणजे काय?

रायगड जिल्ह्यातली एक शाळा. नववीचा वर्ग, सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सारं मराठीतून. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आली, त्यामुळे या मुलांनी 'अ आ इ' आणि 'ए बी सी' बरोबरच गिरवलेत.

सर विचारतात, "व्हॉट इज डिस्प्लेसमेंट?" पन्नास तोंडांतून व्याख्या बाहेर पडते, एका सुरात, न अडखळता. सर फळ्याकडून वळतात. "आता तुमच्या शब्दांत सांगा. कुठल्याही भाषेत." आणि वर्ग गप्प.

ही शांतता मी बऱ्याच शाळांत ऐकली आहे. मुलांना उत्तर लिहिता येतं, पण समोरच्याला समजावून सांगता येत नाही. इंग्रजीत शब्द सापडत नाहीत आणि मराठीत सांगितलं तर कमी ठरू, ही भीती. मला ही भीतीच जास्त छळते.

दहावीला भाषेच्या शंभर गुणांपैकी २० तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१९च्या परीक्षेत ते नव्हते. अभ्यासक्रमही नवा होता. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले गेले. वर्गात बोलणं मात्र त्या गुणांमागून आपोआप येत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, जसा हे सर देताहेत.

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहते. "सर, विस्थापन म्हणजे... आमचं गाव उठलं, ते?"

कोणी हसत नाही. तिचं कुटुंब कोयनेचं. १९६०च्या दशकात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गावं गेली, माणसं सांगली, रायगड, ठाण्याकडे पांगली.

"आजी इथवर कशी आली?" सर विचारतात.

"बोचकं डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत. मग ट्रकमधून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथून वर."

सर फळ्यावर ती सगळी वळणं काढतात. हे अंतर. मग जुन्या घरापासून नव्या घरापर्यंत एकच सरळ रेघ, टोकाला बाण. हे विस्थापन.

मुलगी रेघेकडे बघत राहते. मग थांबत थांबत, स्वतः जुळवलेल्या इंग्रजीत म्हणते, "सर, डिस्टन्स इज द रोड. डिस्प्लेसमेंट इज... ओन्ली हाऊस टू हाऊस. स्ट्रेट."

पाठ केलेली व्याख्या यापेक्षा लांब होती. हे वाक्य तिचं आहे.

संध्याकाळी ओट्यावर वही उघडून ती तेच आजीला मराठीत सांगते. घाट, ट्रक, रेघ, बाण. गाव उठलं तेव्हा आजी परकरी पोर होती. ती वहीवर बोट ठेवते, बाण जिथून निघतो तिथं.

"हितं घर काढलंस व्हय? हितं आता पानी हाय गं."