सुझीचे कान आणि मांजराची वंशावळ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे मांजर घरात कसे येते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते मागच्या दाराने येते, दुधाच्या पातेल्याची चौकशी करते आणि राहते. अलीकडे मात्र मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत पर्शियन किंवा तशाच एखाद्या जातीचे पिल्लू पैसे मोजून आणले जाते आणि काही वेळा त्याच्यासोबत एक कागदही हाती पडतो. तो त्या पिल्लाच्या वंशावळीचा कागद. आई-बाप, आजे-पणजे, त्यांचे रंग आणि नोंदणी क्रमांक त्यावर ओळीने लिहिलेले असतात. या कागदाविषयी मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हाही सांगणार आहे : हा कागद कूळ सांगतो, प्रकृती सांगत नाही.

मांजरांच्या जातींची कागदोपत्री नोंद ही तशी अलीकडची गोष्ट आहे. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चित्रकार हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि कोणत्या मांजराला कशासाठी गुण द्यायचे, याचे निकष त्या सुमारास ठरू लागले. जातींच्या नावांवर तर मुळीच विसंबू नये. ‘बॉम्बे’ नावाचे कुळकुळीत काळे मांजर १९५०च्या दशकात अमेरिकेतील केंटकी राज्यात संकरातून तयार करण्यात आले. ते भारतातील काळ्या बिबट्यासारखे दिसावे, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध. ससून डॉकवर पिढ्यानपिढ्या मासळी राखणाऱ्या, किंबहुना लांबवणाऱ्या मांजरांचा त्या नावावर अधिक हक्क होता, असे माझे आपले मत आहे.

आता सुझीची गोष्ट सांगतो. स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात कूपर अँगस नावाचे एक गाव आहे. १९६१ साली तेथील विल्यम रॉस या मेंढपाळाला जवळच्या एका शेतावर पांढरी भाटी दिसली. शेतावरच्या मांजरांत वेगळे वाटावे असे तिच्यात काही नव्हते. फक्त तिचे दोन्ही कान मधोमध दुमडून पुढे झुकले होते, त्यामुळे तिचे डोके घुबडासारखे वाटोळे दिसे. हीच सुझी. पुढे ती व्याली, तेव्हा तिच्या दोन पिल्लांचे कान तिच्यासारखेच निघाले आणि त्यांतले एक पांढरे पिल्लू रॉस दांपत्याने मागून घेतले. सुझी स्वतः फार जगली नाही, रस्त्यावर मोटारीखाली सापडून ती मेली. तिच्या वंशाची मात्र आनुवंशशास्त्राच्या जाणकारांच्या मदतीने पद्धतशीर पैदास सुरू झाली. पहिल्या तीन वर्षांत ७६ पिल्ले जन्मली, त्यांपैकी ४२ दुमडलेल्या कानांची होती आणि ३४ सरळ कानांची. जवळजवळ निम्मी-निम्मी अशी ही वाटणी पाहून जाणकारांनी ओळखले, की हे प्रभावी जनुक आहे आणि आई-बापांपैकी एकाकडून मिळाले तरी पुरते. गंमत अशी, की जन्मतः या सर्वच पिल्लांचे कान सरळ असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते दुमडू लागतात, त्यामुळे तोवर पैदासकाराला नुसती वाट पाहावी लागते. ‘स्कॉटिश फोल्ड’ या जातीचा उगम हा असा आहे. आज जगातल्या प्रत्येक स्कॉटिश फोल्डची वंशावळ मागे मागे नेली, तर ती त्या शेतावरच्या सुझीपाशी पोहोचते. याहून स्वच्छ वंशावळ कोणती असणार?

पण कान का दुमडतो? कान ताठ राखणारी कूर्चाच, म्हणजे हाडाहून मऊ व लवचीक ऊतीच, सदोष असते म्हणून. आणि कूर्चा काही फक्त कानात नसते. ती सांध्यांत असते, वाढत्या हाडांच्या टोकांशी असते. दोन्हीकडून हे जनुक मिळालेल्या पिल्लांची शेपटी जाड आणि ताठर होते, पाय आखूड राहतात, पंजांवर हाडांच्या गाठी चढतात. एकीकडूनच मिळाले तरी सांध्यांचा विकार कमी-अधिक प्रमाणात होतोच. हे मांजर उडी मारायला कचरते आणि घरची माणसे त्याला शांत स्वभावाचे म्हणून कौतुकाने कुरवाळतात. ब्रिटनच्या नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकाच्या आरंभीच या जातीची नोंदणी थांबवली. २०१६ मध्ये हे जनुकही नेमके सापडले. नेदरलँड्समध्ये या मांजरांच्या पैदाशीवर आता बंदी आहे. तरीही कागद निर्दोष असतो, कारण कागद कूळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. ज्यांना ही जात आवडते, त्यांनी त्याच वेतातले सरळ कानांचे भावंड घ्यावे. त्याच्यात ते जनुक नसते.

आपल्याकडे अधिक खपतात ती पर्शियन मांजरे. विक्रेते त्यांचे ‘डॉल फेस’ आणि ‘पंच फेस’ असे भाग करतात आणि चपट्या तोंडाला जास्त पैसे मागतात. नाकपुड्या अरुंद, श्वास घोरल्यासारखा, डोळ्यांतून सतत पाणी, असे रूप अधिक किमतीचे का समजावे, हे मला उमगलेले नाही. आणि विदर्भाच्या मे महिन्यात त्या दाट केसांत काय होत असेल, याचा विचार तर कोणीच करत नाही. त्यातच पर्शियन मांजरांत मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. तोही एका पालकाकडून उतरतो आणि मांजर बरेच मोठे होईपर्यंत लक्षात येत नाही. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर त्याची जनुकीय तपासणी करता येते.

म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे होण्यापूर्वी घरी आणू नका आणि शक्य तर त्याची आई स्वतः जाऊन पाहा. ती चालते कशी, नुसती बसलेली असताना तिच्या श्वासाचा आवाज येतो का, इकडे लक्ष द्या. दोन्ही पालकांच्या तपासणीचे अहवाल मागा; आणि ते मिळाले, तर अहवालावरील नोंदणी क्रमांक वंशावळीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी तेथेच बसून ताडून पाहा.