लेआग्रोस कालोस

(काळं मातीचं भांडं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

निद्रा आणि मृत्यू, पंख असलेले दोघे भाऊ, ट्रॉयच्या युद्धात मेलेल्या सार्पेडोन या योद्ध्याचा देह उचलतायत. जखमांतून रक्त ओघळतंय. वाइनमध्ये पाणी मिसळायचं हे भांडं, साधारण 45 लिटरचं. चित्रकार युफ्रोनिओस, अथेन्स, ख्रिस्तपूर्व 515 च्या आसपास. इटलीतल्या चेर्वेतेरीच्या संग्रहालयात येणारा जो तो या रक्तापाशी थबकतो. आपण आलोय ते यावरच्या बारीक ग्रीक अक्षरांसाठी: 'लेआग्रोस कालोस'.

लेआग्रोस, अथेन्सचा एक तरुण, देखणा. मूळ वाक्यात क्रियापद नाही. 'पोरगा देखणा' म्हणताना आपण तरी कुठे 'आहे' लावतो?

(इतर भांडी, एकामागून एक.)

पुरुष असेल तर कालोस, बाई असेल तर काले, नपुंसकलिंगी कालोन. चांगला, चांगली, चांगलं. मराठी माणसाला यात शिकवण्यासारखं काही नाही. तुलनेत मात्र आपण 'पेक्षा' लावून मोकळे होतो, ग्रीकमध्ये शब्दच रूप पालटतो: काल्लिओन म्हणजे अधिक देखणा, काल्लिस्तोस म्हणजे सगळ्यांत देखणा. 'इस्तोस' कानाला ओळखीचा वाटला? ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ. आपला 'इष्ठ' त्याचाच सख्खा भाऊ.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात 'कालोस'मधला 'का' दीर्घ, अथेन्सच्या बोलीत ऱ्हस्व. मुळात ल नंतर एक 'व' होता. तो गळाला, आणि त्याची भरपाई होमरच्या बोलीनं स्वर लांबवून केली, अथेन्सनं केलीच नाही. ग्रीसच्याच बोइओटिया प्रांतातल्या शिलालेखांत तो 'व' अजून शाबूत आहे.

आणि अर्थ? 'सुंदर' एवढ्यावर भागवणं मला पटत नाही. बळी दिलेल्या जनावराच्या आतड्यांत शुभ लक्षणं दिसली की तीही 'काला', म्हणजे कालोनचं अनेकवचन. एखादं काम नीट, शोभेलसं केलं, तर ते 'कालोस' केलं; इथे शेवटचा 'ओ' लांबतो आणि विशेषणाचं क्रियाविशेषण होतं. विरुद्ध शब्द 'आइस्ख्रोस': कुरूप, आणि लाजिरवाणासुद्धा. रूप आणि अब्रू एकाच शब्दात.

(पुन्हा पहिलं भांडं.)

1971 मध्ये हे इथल्याच एका एट्रुस्कन, म्हणजे इटलीतल्या प्राचीन लोकांच्या, थडग्यातून चोरून खणलं गेलं, पुढच्या वर्षी 10 लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोचलं, 2008 मध्ये इटलीला परत आलं. लेआग्रोस पुढे सेनापती झाला आणि ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसमध्ये लढताना मेला.

(अक्षरांवर कॅमेरा स्थिर.)

कप्पा. आल्फा. लॅम्डा. ओमिक्रॉन. सिग्मा.